गरोदरपणात आईचं यकृत: ते का वाढतं, काय बदलतं आणि रिपोर्ट कसा वाचायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईची काळजी घेताना वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांची चौकशी सगळे करतात. यकृताची, म्हणजे लिव्हरची, आठवण बहुतेकदा एखाद्या रिपोर्टमध्ये आकडा ठळक अक्षरात छापून आला की मगच होते. मग दोन टोकं दिसतात. एक तर साध्या, अपेक्षित बदलाला आजार समजून घरभर काळजी पसरते. नाही तर खरोखर धोक्याची खूण "गरोदरपणात असं होतंच" म्हणून सोडून दिली जाते. दुसऱ्या चुकीची किंमत फार मोठी असते. गरोदरपणात यकृत बदलतं हे खरं, पण ते ठरावीक दिशेनेच बदलतं. ती दिशा कोणती, हे इथे सांगायचं आहे.

गरोदरपणात यकृत खरंच मोठं होतं का?

बहुतेक स्त्रियांमध्ये होतं. पाठ्यपुस्तकांत मात्र अनेक वर्षं उलटंच लिहिलेलं होतं: यकृताचा आकार बदलत नाही, फक्त काम बदलतं. त्यामागे कारणही होतं. वाढतं गर्भाशय यकृताला वर आणि मागे ढकलतं, त्यामुळे हाताने तपासून काही कळत नाही. जुनी मापं मृत्यूनंतरच्या तपासण्यांमधून आलेली होती, आणि निरोगी गरोदर स्त्रीच्या यकृताचा तुकडा केवळ कुतूहलापोटी कोणी काढत नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांच्या पोटाचं स्कॅन तीन वेळा केलं गेलं: गरोदरपणाच्या सुरुवातीला, शेवटी, आणि बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यानंतर. बहुतेक जणींचं यकृत गरोदरपणात वाढलेलं आणि दूध सुटल्यावर पुन्हा पूर्वीच्या आकाराला आलेलं दिसलं. कोणाचं वजन किती वाढलं, यावर ही वाढ अवलंबून नव्हती. म्हणजे "अंगावर चरबी चढली म्हणून यकृतही वाढलं" इतका सरळ हिशोब नाही. शरीर मूल वाढवण्याच्या अवस्थेत आहे, ही खबर यकृतापर्यंत पोचते आणि ते तिला प्रतिसाद देतं.

मग तपासताना वाढलेलं यकृत डॉक्टरांच्या हाताला लागतं का?

नाही, आणि लागूही नये. शेवटच्या तीन महिन्यांत ते बरगड्यांच्या आड आणखी वर गेलेलं असतं. अशा वेळी बरगडीखाली यकृत हाताला लागलं तर "गरोदरपणामुळे असेल" म्हणून थांबता येत नाही, कारण शोधावं लागतं.

वाढ म्हणजे नक्की काय वाढतं? पेशींची संख्या की पेशींचा आकार?

याचं उत्तर मुख्यतः उंदरांवरच्या अभ्यासांतून मिळालं आहे, आणि तिथे दोन्ही घडतं. उंदराच्या मादीचं यकृत गरोदरपणाच्या अखेरीस जवळपास दुप्पट वजनाचं होतं. पेशी विभागून नव्या तयार होतात, शिवाय असलेल्या पेशी फुगून मोठ्या होतात.

कापलं गेलं तरी पुन्हा भरून येण्याची यकृताची क्षमता प्रसिद्ध आहे. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी साधारण आठवडा-दहा दिवसांत ते मूळ वजनाच्या जवळ येतं. गरोदरपणातली वाढ मात्र वेगळी आहे. इथे कुठलीही इजा झालेली नसते. पूर्णपणे धडधाकट यकृत पुढच्या कामाच्या तयारीने वाढू लागतं. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. वारेतून येणारी संप्रेरकं (हार्मोन्स) आणि रक्तातली पित्ताम्लं, म्हणजे यकृतात बनणारी, पित्तरसातली आम्लं, या वाढीच्या संकेतांमध्ये गणली जातात. २०१० मध्ये उंदरांवरच झालेल्या एका प्रयोगात असंही दिसलं, की वयामुळे मंदावलेली यकृत भरून काढण्याची क्षमता गरोदर माद्यांमध्ये पुन्हा सुधारते, आणि तिथे पेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या आकारातल्या वाढीचा वाटा मोठा होता.

एवढं वाढण्याची गरज का पडते?

कारण यकृताचं जवळजवळ प्रत्येक काम या काळात वाढतं.

आधी साखरेचं घेऊ. बाळाचं मुख्य इंधन ग्लुकोज, आणि ते आईच्या रक्तातून सतत ओढलं जातं. गरोदरपणाच्या शेवटी आईचं यकृत उपाशीपोटी तयार करत असलेलं ग्लुकोज सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. तरीही सकाळची उपाशीपोटीची साखर एरवीपेक्षा थोडी कमीच भरते, इतकी त्याला मागणी असते. दुसरीकडे वारेच्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला पूर्वीइतकं दाद देत नाही, म्हणून जेवणानंतरची साखर जास्त वेळ वर राहते. याच ओढाताणीमुळे गरोदर स्त्री फार वेळ उपाशी राहिली की शरीर लवकर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांच्यात फार मोठं अंतर ठेवू नका, असं सांगतात ते यासाठी.

मग चरबी. यकृत जास्त ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं. शेवटच्या तिमाहीत हा आकडा दोन ते तीन पट होऊ शकतो आणि कोलेस्टेरॉलही साधारण निम्म्याने वाढतं. त्यामुळे गरोदरपणात सहज म्हणून लिपिड प्रोफाइल करून घेण्यात काही अर्थ नाही. आकडा बघून फक्त झोप उडेल. आधीपासून ट्रायग्लिसराइड खूप वाढलेले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि लक्ष ठेवावंच लागतं.

प्रथिनांच्या बाबतीत इस्ट्रोजेनचा हुकूम चालतो. रक्त गोठवणारी फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं, आणि थायरॉइडचं संप्रेरक, कॉर्टिसोल, लोह, तांबं वाहून नेणारी प्रथिनं, सगळ्यांचं प्रमाण वाढतं.

आणि एक काम असं, ज्याची फारशी कुठे नोंद घेतली जात नाही. बाळाच्या शरीरात तयार होणारं बिलिरुबिन, म्हणजे जुन्या लाल पेशी मोडल्यावर उरणारा पिवळा पदार्थ, वारेतून आईच्या रक्तात येतं आणि आईचं यकृत ते निकाली काढतं. बाळाचं स्वतःचं यकृत त्या वेळी या कामाला तयार नसतं. पोटात असताना बराच काळ ते रक्तपेशी बनवण्यात गुंतलेलं असतं. जन्मल्यावर आईची ही मदत एकदम थांबते. नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

यकृताला होणारा रक्तपुरवठाही वाढतो का?

वाढतो, पण अंदाज बांधू तसा नाही. गरोदरपणात शरीरातलं एकूण रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदय दर मिनिटाला जास्त रक्त फेकतं. यकृताच्या रोहिणीतला प्रवाह मात्र फारसा बदलत नाही. आतड्याकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला प्रवाह साधारण २८ आठवड्यांनंतर वाढतो. हृदयाच्या एकूण प्रवाहातला यकृताचा वाटा उलट कमी होतो, कारण वाढीव रक्ताचा मोठा भाग गर्भाशयाकडे जातो.

लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये काय बदलणं अपेक्षित आहे?

ही माहिती रिपोर्ट हातात असताना शांतपणे वाचावी.

अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) वाढतं. शेवटच्या तिमाहीत ते दोन ते चार पट होऊ शकतं, आणि ही वाढ मुख्यतः यकृतातून नव्हे, वारेतून आलेली असते. प्रयोगशाळा आपल्या रिपोर्टवर सहसा गरोदर नसलेल्या प्रौढांची मर्यादा छापते, म्हणून हा आकडा "जास्त" म्हणून ठळक होतो. बाकी सगळं ठीक असेल तर एकट्या या आकड्याला घाबरायचं कारण नाही.

अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं रक्तातलं मुख्य प्रथिन, कमी दिसतं. एरवी डेसिलीटरला ४ ग्रॅमच्या आसपास असणारा आकडा ३ च्या जवळ येऊ शकतो. रक्तातलं पाणी वाढून ते पातळ झालेलं असतं, हे त्याचं मुख्य कारण.

बिलिरुबिन आणि जीजीटी (यकृताचं आणखी एक विकर) पूर्वीइतकेच किंवा थोडे कमी राहतात.

एसजीपीटी आणि एसजीओटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं, निरोगी गरोदरपणात वाढत नाहीत. हे वाक्य पुन्हा वाचा. निरोगी गरोदरपणात हे दोन्ही आकडे नेहमीच्या मर्यादेतच, बहुधा खालच्या अंगाला राहतात. ते मर्यादेबाहेर गेले तर "नऊ महिन्यांत होतं असं" हे उत्तर चालणार नाही, मग ते कोणीही दिलेलं असो. पित्ताम्लं आणि रक्त गोठण्याची प्रोथ्रॉम्बिन वेळ यांनाही हाच नियम लावावा. प्रोथ्रॉम्बिन वेळ लांबणं तर विशेष गंभीर, कारण गरोदरपणात रक्त एरवीपेक्षा सहज गोठत असतं.

रक्त सहज गोठणं चांगलं की वाईट?

दोन्ही. बाळंतपणात वार सुटते तेव्हा रक्तस्राव आटोक्यात राहावा, यासाठीची ही तयारी. पण त्याच तयारीमुळे पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका गरोदरपणात चार ते पाच पट असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो आणखी वर जातो. एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, ही लक्षणं अंगावर काढू नका.

तळहात लाल झालेत, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा दिसतात. लिव्हर खराब झालंय का?

यकृताच्या जुनाट आजारात या खुणा दिसतात, म्हणून इंटरनेटवर शोधलं की भीती वाटते. निरोगी गरोदर स्त्रियांमध्येही त्या सर्रास दिसतात. कारण इस्ट्रोजेन. उजळ त्वचेवर जास्त उठून दिसतात, बाळंतपणानंतर बहुतेक मावळतात.

नेहमीची औषधं गरोदरपणात वेगळी वागतात का?

काही औषधं फारच वेगळी वागतात. औषधं मोडून बाहेर टाकणारी यकृतातली काही विकरं या काळात जोरात चालतात, काही मंदावतात. फिट्ससाठीचं लॅमोट्रिजिन याचं ठळक उदाहरण आहे. गरोदरपणात ते इतक्या वेगाने बाहेर टाकलं जातं की रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते, आणि पूर्वी व्यवस्थित थांबलेले झटके परत येऊ शकतात. म्हणून डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर लगेच पुन्हा उतरवावाही लागतो. हा दुसरा भाग विसरला जातो आणि त्रास होतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणींचा डोसही गरोदरपणात वाढवावा लागतो.

कॅफिनचं याच्या उलट. ते मोडणारं विकर मंदावतं. एरवी साधारण पाच तासांत निम्मं होणारं कॅफिन शेवटच्या तिमाहीत पंधरा तासांच्या आसपास रेंगाळतं. दुपारच्या कॉफीने रात्री झोप येत नसेल तर त्याचं कारण हे असू शकतं. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असा सल्ला देतात.

डोस आपल्या मनाने वाढवू नका, आणि "पोटात बाळ आहे" म्हणून औषध परस्पर बंदही करू नका. बंद केलेलं औषध कधी कधी चालू औषधापेक्षा जास्त नुकसान करतं.

गरोदरपणात पित्ताशयात खडे होतात, हे खरं आहे का?

शक्यता वाढते. इस्ट्रोजेनमुळे पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय आळसावतं, नीट रिकामं होत नाही. साचलेला रस घट्ट होतो, कधी त्यात खडे धरतात. अनेक जणींमध्ये हा गाळ बाळंतपणानंतर आपोआप निघून जातो. जेवणानंतर पोटात उजव्या बाजूला वर कळ येऊन ती खांद्याकडे जात असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. ती गरोदरपणात सुरक्षित आहे.

छातीत जळजळ आणि आंबट ढेकर येतात, हे लिव्हरमुळे का?

नाही, हे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्यामुळे. यकृताचा संबंध नाही.

रात्री तळहात आणि तळपाय खूप खाजतात, पण अंगावर काहीच उठलेलं नाही. काय असेल?

हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. पोटाची त्वचा ताणली गेल्याने खाज येते ती वेगळी. तळहात-तळपायांपासून सुरू होणारी, रात्री वाढणारी, पुरळ नसलेली खाज, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ही गरोदरपणातल्या पित्तस्तंभाची खूण असू शकते. यात यकृतातून पित्त नीट वाहून जात नाही आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. संप्रेरकांचा भार आणि काही जणींच्या जनुकांमधला कल, दोन्ही यात असतात. म्हणून आई किंवा बहिणीला हा त्रास झाला होता का, ते विचारा.

तपासणी साधी आहे: रक्तातली पित्ताम्लं आणि एसजीपीटी. सुरुवातीला दोन्ही ठीक आले पण खाज थांबली नाही, तर तपासणी पुन्हा करावी लागते, कारण खाज कधी कधी आकड्यांच्या आधी सुरू होते. आईला याचा धोका कमी, त्रास मात्र खूप. झोपेचं खोबरं होतं. बाळाच्या बाबतीत आकडा महत्त्वाचा. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, एकच बाळ असलेल्या गरोदरपणात पित्ताम्लं लीटरला १०० मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त असताना पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण ३ टक्क्यांहून जास्त दिसलं. आकडा ४० च्या खाली असताना ते बाकीच्या गरोदर स्त्रियांइतकंच होतं. म्हणून आकडा किती आहे त्यावरून प्रसूती कधी करायची ते डॉक्टर ठरवतात. खाज कमी करायला उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. त्यांचा खाजेवरचा परिणाम मर्यादित असतो, आणि गोळी चालू आहे म्हणून पुढच्या तपासण्या टाळता येत नाहीत.

कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी, अगदी रात्रीसुद्धा, रुग्णालयात जावं?

वीस आठवड्यांनंतर बरगडीखाली उजव्या बाजूला किंवा पोटाच्या मधोमध वर सतत दुखणं. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं. शेवटच्या तिमाहीत नव्याने सुरू झालेली मळमळ-उलटी. डोळे पिवळे होणं, गर्द रंगाची लघवी. विनाकारण रक्त येणं किंवा निळे डाग. खूप गुंगी, असंबद्ध बोलणं.

यांच्यामागे दोन आजार विशेष करून शोधले जातात. एक हेल्प सिंड्रोम: लाल पेशी फुटतात, यकृताची विकरं वाढतात, प्लेटलेट घसरतात. हा गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजाराचा भाऊबंद आहे, पण काही जणींमध्ये रक्तदाब सुरुवातीला फारसा वाढलेला नसतो. दुर्दैवाने वरच्या पोटातलं दुखणं ॲसिडिटी समजून औषध देऊन घरी पाठवलं जातं. दुसरा आजार गरोदरपणातलं तीव्र फॅटी लिव्हर. तो दुर्मीळ आहे, हजारो गरोदरपणांत एखादा, पण झपाट्याने वाढतो. रक्तातली साखर खाली जाते, रक्त गोठेनासं होतं. दोन्हींवरचा खरा उपाय एकच, आईची स्थिती सावरून प्रसूती करणं. त्यामुळे काही तासांनीही फरक पडतो. हेल्प बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतही होऊ शकतो, तेव्हा मूल हातात आलं म्हणून ही यादी विसरू नका.

गरोदरपणात साधी कावीळ झाली तर?

गरोदरपणात काविळीला साधी म्हणू नये. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई एरवी बहुतेकांमध्ये आपोआप बरी होते. पण शेवटच्या तिमाहीत तीच जीवघेणी ठरू शकते. काही साथींमध्ये अशा स्त्रियांपैकी १५ ते २५ टक्के दगावल्याची नोंद आहे. पाणी उकळून प्यावं, आणि डोळे पिवळे दिसले तर घरगुती उपायांत एकही दिवस घालवू नये.

हिपॅटायटिस बीची तपासणी प्रत्येक गरोदरपणात करायलाच हवी. आई बाधित असली तरी बाळाला वाचवता येतं: जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, शक्यतो बारा तासांत, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), आणि आईच्या रक्तात विषाणू खूप असतील तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध. बाळाला ही लस आणि इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर मिळालं की अंगावर पाजायला हरकत नाही.

आधीच फॅटी लिव्हर असेल तर गरोदर राहता येतं का?

येतं. पण गरोदरपणात मधुमेह आणि रक्तदाब होण्याची शक्यता अशा स्त्रियांमध्ये जास्त असते, म्हणून पहिल्याच भेटीत सांगा. शक्य असेल तर गरोदरपणाआधीच वजन आणि साखर आटोक्यात आणलेली बरी.

यकृत "साफ" करणारी पेयं किंवा जडीबुटी घ्यावी का?

घेऊ नये. यकृताला बाहेरून साफ करावं लागत नाही, आणि घटक माहीत नसलेल्या औषधी मिश्रणांनी त्याला खरोखर इजा झालेली आहे. दारू पूर्ण बंद. ताप किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेता येतं.

बाळंतपणानंतर यकृत पूर्ववत कधी होतं?

रक्ताचे आकडे आधी जागेवर येतात. अल्कलाइन फॉस्फटेज वार बाहेर पडल्यानंतरच्या काही आठवड्यांत उतरतं. आकाराला जास्त वेळ लागतो. उंदरांमध्ये दूध सुटेपर्यंत यकृत मोठंच राहतं आणि मग जादा पेशी नियोजनपूर्वक मरून ते लहान होतं.

या आकसण्याच्या काळात उंदरांमध्ये यकृताची अंतर्गत रचना अशी बदलते की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी तिथे सहज रुजतात. बाळंतपणानंतर काही वर्षांत स्तनाचा कर्करोग सापडलेल्या स्त्रियांमध्ये तो यकृतात पसरण्याचं प्रमाण जास्त का दिसतं, याचा शोध म्हणूनच घेतला जात आहे. हे वाचून स्तनपानाची धास्ती घेऊ नका. स्तनपानामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका एकंदरीत कमी होतो, हे पक्कं आहे. स्तनात गाठ लागली तर मात्र "दुधाची गाठ असेल" म्हणून महिनोन्महिने थांबू नका, दाखवा.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना काय सांगावं?

मागच्या वेळी पित्तस्तंभ झाला असेल तर तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. तसं सांगितलं की खाज सुरू होताच तपासणी होते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधीही हे सांगा. हेल्प किंवा रक्तदाबाचा त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी सुरुवातीपासून कमी मात्रेचं ॲस्पिरिन देता येतं. तीव्र फॅटी लिव्हर झालं असेल तर बाळाची चरबी पचवण्यातल्या जन्मजात दोषासाठी तपासणी करून घ्यावी, कारण काही वेळा आईच्या आजाराचं मूळ तिथे असतं आणि ते वेळीच कळलं तर बाळाचा आहार त्यानुसार ठरवता येतो. जुने रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा; विशेषतः गरोदर नसतानाचा एखादा लिव्हरचा रिपोर्ट असेल तर तो, म्हणजे पुढचे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात.